पिवळी रेघ

६ एप्रिल, शनिवार

डोकं फिरलंय. लातूरच्या कॉलेजातून विशाखाचा फोन होता. तिचे सर म्हणाले म्हणे – "बाहेरच्या माणसाचा हात प्रोजेक्टला लागता कामा नये."

बाहेरचा माणूस म्हणजे मी. तिचा बाप!

टर्बो कुठून आला? माझ्या फळीवरून. त्याच्या बेअरिंगा कुणी बदलल्या? मी. शाफ्ट किती ढिला ते बोटानं हलवून, डोळे मिटून कुणी ओळखलं? मी. देगलूर नाक्यावर तीस वर्षं ट्रकचे टर्बो उघडून राहिलो. निजामाबादचे ड्रायव्हर नांदेडला येतात ते माझ्याकडं येतात. आणि ह्या श्रीनाथ सरांना मी बाहेरचा. एकदाच बघितलंय त्यांना. कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं. इंजिन शिकवतो हा माणूस आणि नखं पांढरीशुभ्र.

"पप्पा, नियम हाय तो, सगळ्यांनाच हाय," विशाखा म्हणाली. मी फोन ठेवला.

डॉक्टर म्हणाले होते, राग आला की ओरडू नका, कागदावर काढा, बीपी खाली राहील. ऑइलवाल्यानं दिलेली डायरी कोरी पडली होती, ती घेतली. अजून तरी काही खाली आल्यासारखं वाटत न्हाई.

७ एप्रिल, रविवार

पंचशीला भाकरी थापता थापता विचारती – "पोरगी नेमकं करून काय राहिली तिथं?" लग्नाला सव्वीस वर्षं झाली, घर टर्बोवर चालतं, आणि बाईला टर्बो ठाऊक न्हाई. सांगितलं. सायलेन्सरमधून फुकट जाणाऱ्या धुरानं एक पंखा फिरवायचा. त्याच दांड्यावर दुसरा पंखा, तो इंजिनात हवा कोंबतो. तेवढ्याच इंजिनातून जास्त ताकद. ट्रकला असतो. विशाखा तो साडेतीनशे सीसीच्या जुन्या मोटारसायकलला बसवून राहिली. एका छोट्या डिझेल गाडीचा टर्बो, नारळाएवढा.

"मग त्यानं काय होईल?"

काय होईल! मे महिन्यात तिची तोंडी परीक्षा. पुण्याहून परीक्षक येणार, इंजिनं तपासायच्या लॅबमधला मोठा माणूस. ज्याचं काम पटलं त्या एकाला लॅबमध्ये घेतो म्हणे. दुसऱ्या वर्षाला विशाखा सहलीत ती लॅब बघून आली. काचेपलीकडं इंजिन गर्जून राहिलं आणि अलीकडं एक बाई कानाला हेडफोन लावून बसली, आकडे बघत. त्या बाईच्या खुर्चीत हिला बसायचंय. दोन वर्षं दुसरा विषय न्हाई पोरीचा.

पंचशीला म्हणाली, "मग तुम्ही सरांवर चिडू नका. पोरीच्या आड येईल."

मी कुठं चिडलोय?

१० एप्रिल, बुधवार

आज भांडण. बापलेकीचं, फोनवर, पाऊण तास.

मुद्दा एवढाच – प्रेशर किती ठेवायचं. टर्बोला एक डबी असते आणि डबीला दांडी. हवेचं प्रेशर ठरल्यापेक्षा वर गेलं की डबी दांडीला ढकलते, दांडी झडप उघडते आणि जादा धूर बाजूनं निघून जातो. दांडीच्या टोकाला आटे असतात. टोक आत फिरवलं की दांडी आखूड, झडप घट्ट, प्रेशर जास्त. पोरीनं ती दांडी इतकी ढिली ठेवलीय की अर्धा बार प्रेशरलाच झडप उघडते. अर्धा बार! एवढं तर माझ्या स्टोव्हला असतं.

म्हणती, "पप्पा, हे पेट्रोल हाय, डिझेल न्हाई. हवा वाढली आणि पेट्रोल त्या मानानं वाढलं न्हाई, तर नको त्या वेळेला पेट घेतं. पिस्टन जातो."

हवेनं पिस्टन जातो म्हणे. तीस वर्षांत हवा कमी पडून तापलेलं इंजिन मी शंभर बघितलं असंल. काळा धूर ओकत येतात, आम्ही हवा वाढवून देतो, धूर बंद, इंजिन गार. हवा जास्त झाली म्हणून मेलेलं एक बघितलं न्हाई. हवा म्हणजे थंडावा. हे मी तिला स्टुलावर बसवून शिकवलंय, ती दुसरीत असताना.

"ते डिझेलचं, पप्पा." किती थंडपणानं बोलती! आईवर गेली.

१४ एप्रिल, रविवार

जयंती. मिरवणुकीत पाय दुखेस्तोवर चाललो. विशाखा लातूरच्या मिरवणुकीत होती, फोटो पाठवला – निळा फेटा, आणि गालावर ग्रीस तसंच. मला लई आवडला. तिला सांगितलं न्हाई, अजून बोलणं बंद हाय.

१८ एप्रिल, गुरुवार

पलीकडच्या गॅरेजवाल्यानं आज कहर केला. माझी पिवळी रेघ चोरली!

नट आवळला की त्याच्यावरून बोल्टपर्यंत रंगाची एक रेघ ओढायची, ही माझी पहिल्यापासूनची पद्धत. नट कुणी हलवला, की आपोआप सैल झाला, की रेघ तुटती. लगेच कळतं. रेघ बाकीचेही ओढतात, पण नाक्यावर पिवळी रेघ फक्त निवृत्तीची, म्हणजे माझी. हे सगळ्यांना ठाऊक हाय. ड्रायव्हर बॉनेट उघडतो, पिवळी रेघ दिसली की विचारत न्हाई, गाडी काढतो आणि घाट चढतो. एवढी इज्जत हाय त्या रेघेची. म्हणून रंगाची डबी माझ्या वरच्या खिशात असती, नेलपॉलिशएवढी, झाकणाला ब्रश.

ह्या बेट्यानं पिवळा रंग आणून ढिल्या नटांवर रेघा ओढल्या. एक ट्रक लोह्याच्या अलीकडं बंद पडला, ड्रायव्हर मला शिव्या देत आला. मी जाऊन गॅरेजवाल्याची रंगाची डबी गटारात फेकली. नरसिंगनं मला मागं ओढलं. नरसिंग बिलोलीचा, माझ्याबरोबर अठ्ठावीस वर्षं. घरी तेलुगू बोलतो, दुकानात बोलतच न्हाई.

संध्याकाळी विशाखाचा फोन आला, आईनं चुगली केली असणार. हसून राहिली होती. "पप्पा, मी तुमची रेघ चोरली न्हाई हां. माझी जांभळी हाय, रूममेटचं नेलपॉलिश." बरं वाटलं, बोलणं सुरू झालं.

म्हटलं, रेघ ओढायच्या आधी दोनदा तपासती का?

"तीनदा," म्हणाली.

४ मे, शनिवार

आज लातूरला गेलो होतो. न गेलो असतो तर बरं झालं असतं. एसटीत बसून लिहून राहिलो, अक्षर वाकडं येतंय.

कॉलेजच्या मैदानात चाचणी होती. बाहेरच्या माणसानं कंपाउंडजवळ उभं राहायचं. राहिलो. जादाचं हेल्मेट धरायचं काम दिलं मला, हमालासारखं! विशाखानं गाडी बाहेर काढली. काय देखणं काम केलंय पोरीनं! पाइपाला एक वावगं वळण न्हाई, ऑइलची नळी अशी बांधलीय की बघत राहावं. हँडलला प्रेशरचा काटा लावलाय आणि काट्याच्या तबकडीवर अर्ध्या बारला तांबडी खूण.

गाडी पळाली. चांगली पळाली. पण मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचली तेव्हा श्रीनाथ सर घड्याळ बघून म्हणाले – "टर्बो लावून एवढाच फरक?" आणि माझ्याकडं एक नजर टाकून, हसत, शेजारच्या मॅडमला – "ट्रकचं सामान मोटारसायकलला लावल्यावर दुसरं काय होणार."

पोरं हसली. पंधरावीस पोरं.

मी हेल्मेट धरून उभा. काही बोललो न्हाई. डॉक्टरांनी शाबासकी द्यायला पाहिजे.

विशाखाला म्हटलं, दांडी आवळ, दोन आटे आवळ, मग बघू कोण हसतं. ती म्हणाली, "हसू द्या पप्पा. परीक्षकाला आकडे दाखवायचेत, पळापळी न्हाई." मग माझ्या हातातून हेल्मेट घेतलं आणि म्हणाली, "टर्बो लई चांगला बसलाय. एक थेंब ऑइल न्हाई आलं बाहेर." मला समजवायला म्हणाली. लहान लेकराला समजवतात तसं.

अहमदपूर गेलं. अजून त्या पोरांचं हसू कानात हाय.

५ मे, रविवार

ट्रकचं सामान म्हणे.

९ मे, गुरुवार

चार दिवस कुणाशी धड बोललो न्हाई. आज एका गिऱ्हाइकानं विचारलं, टर्बोनं खरंच फरक पडतो का? त्याला दुकानाच्या बाहेर काढलं. नरसिंगनं त्याला चहा पाजून परत आणलं.

२१ मे, मंगळवार

विशाखाचा फोन. आवाज बसलेला. "पप्पा, पाइपाला तडा गेलाय." इंजिनातून टर्बोत धूर नेणारा पाइप. कॉलेजच्या वेल्डरनं दोनदा मारलं, दोनदा तुटलं. परीक्षा शुक्रवारी, २४ तारखेला.

आता आठवला का बाहेरचा माणूस! पण हे मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, गाडी टेम्पोत घाल आणि उद्या घरी ये. आर्गन वेल्डिंग करून देतो, जन्मात तुटणार न्हाई. सरांना काय सांगायचं ते तू सांग.

"सरांना सांगितलंय," म्हणाली. "म्हटलं, वेल्डिंगपुरतं पप्पांकडं नेते. बाकी कशाला हात लागणार न्हाई. ते बरं म्हणाले."

२२ मे, बुधवार

दुपारी टेम्पो आला. वेल्डिंग झालं. टाका असा बसलाय की नरसिंगनं बोट फिरवून मान हलवली, आणि तो सहसा मान हलवत न्हाई.

बसवायचं सगळं तिनं स्वतः केलं. मी पाने देत होतो. माझ्याच दुकानात मी पाने देत होतो! पण खरं सांगायचं तर मजा आली. तेरा नंबर म्हणायच्या आधी तिच्या हातात तेरा नंबर. शेवटी तिनं डबीला पंप लावला, काटा बघितला, अर्ध्या बारला झडप उघडती का बघितलं, परत बघितलं, परत. मग दांडीचा नट आवळला आणि जांभळी रेघ ओढली.

मी पुन्हा एकदा म्हटलं. विशू, त्या पुण्याच्या माणसापुढं त्या सरांचं तोंड बंद व्हायला पाहिजे. दोन आटे.

"पप्पा, न्हाई म्हटलं ना." पहिल्यांदा आवाज चढला तिचा. "माझा प्रोजेक्ट हाय."

जेवताना पंचशीला एकदा हिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती.

२३ मे, गुरुवार. बुद्धपौर्णिमा

केलं.

सकाळी मायलेकी पांढऱ्या साड्या नेसून विहारात गेल्या. मला म्हणाल्या चला. म्हटलं तुम्ही व्हा पुढं, गुडघा दुखतोय. गुडघा दुखत न्हवता.

दुकान बंद, पण शटर अर्धं उघडलं. गाडी उभी होती. पाना घेतला. जांभळी रेघ तुटली. टोक आत फिरवलं, एक आटा, दोन आटे. मग त्या पोरांचं हसू आठवलं. तीन आटे.

नरसिंग शटरपाशी येऊन उभा होता, कधी आला कळलं न्हाई. म्हणाला, "अन्ना, वद्दु." नको म्हणतोय, तेवढं तेलुगू मला येतं. म्हटलं, तू तुझं काम बघ. तो म्हणाला, "पोरीचं हाय ते." त्याच्यावर ओरडलो. पौर्णिमेच्या दिवशी ओरडलो.

नट आवळला. जांभळा रंग पेट्रोलच्या फडक्यानं पुसला, खिशातली डबी काढली, रेघ ओढली. हात आपोआप चालतो. मग विहारात गेलो. वंदना चाललीच होती. पंचशील घेताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. सगळ्यांबरोबर म्हटलं. जीभ अडली न्हाई. मी खोटं कुठं बोललोय? पोरीच्या भल्याचंच केलंय. उद्या गाडी असा झटका देईल की सरांची दोन्ही पेनं खिशातून पडतील.

तीन वाजता टेम्पो लातूरला गेला. चाचणी घ्यायला वेळ न्हाई, कॉलेजचं वर्कशॉप आज सुट्टीचं बंद. उद्या सकाळी अकराला परीक्षा. खीर खाल्ली, दोन वाट्या.

२४ मे, शुक्रवार

पिस्टन गेला.

त्या पुण्याच्या माणसापुढं गेला. सगळ्यांपुढं गेला. लिहितो, न्हाईतर कुणाचं तरी डोकं फोडीन.

मी सकाळी पहिल्या गाडीनं गेलो. वर्कशॉपला एका बाजूनं जाळी हाय, त्या जाळीबाहेर उभा राहिलो. गाडीचं मागचं चाक रोलरवर, रोलरला वजन लावलेलं, चढावर गेल्यासारखं. विशाखानं सगळं समजावून सांगितलं. परीक्षक साधा माणूस, बाह्या दुमडलेल्या, नखांत काळं. त्याला बघून मला धीर आला. तो म्हणाला, "छान. आता पूर्ण द्या."

तिनं मूठ पिळली. इंजिन काय गरजलं! श्रीनाथ सर दोन पावलं मागं सरकले. मी जाळी धरून म्हटलं, हां, आता हसा. मग आत टणटण असा आवाज सुरू झाला. मला बरा वाटला तो आवाज, डिझेलसारखा वाटला. पण परीक्षकानं हात वर केला, विशाखानं काट्याकडं बघितलं, मूठ सोडली. काटा तांबड्या खुणेच्या पुढं कुठल्या कुठं गेला होता. तोवर फट्ट झालं. सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि इंजिन बंद.



परीक्षकानं विचारलं, "काय झालं असेल?" विशाखाचं तोंड पांढरं पडलं होतं, पण बोलली सरळ. "प्रेशर ठरवल्यापेक्षा जास्त झालं, सर. हवा वाढली, पेट्रोल वाढलं न्हाई. पिस्टनला भोक पडलं असणार."

"सेटिंग कुणाचं?"

"माझं, सर. सुरू करायच्या आधी तपासायला पाहिजे होतं. मी तपासलं न्हाई. चूक माझी हाय."

तो काहीतरी लिहीत राहिला. श्रीनाथ सर माझ्याकडं बघत होते, जाळीतून. मी मान वळवली.

पेट्रोल भेसळीचं होतं. शंभर टक्के. लातूरच्या पंपावर काय भरलं कुणाला ठाऊक! आणि पिस्टन तरी कसला, ह्या नव्या मालात दम न्हाई. आणि तो परीक्षक, पूर्ण द्या म्हणे, गार इंजिनाला कुणी पूर्ण देतं का? आणि सर! सर ते वाक्य बोलले नसते तर हे काहीच झालं नसतं.

विशाखा बाहेर आली तेव्हा मी सरांना शिव्या देऊन राहिलो होतो. म्हणाली, "पप्पा, तुम्ही घरी जा." तेवढंच.

२५ मे, शनिवार

इंजिन दुकानात आणलं. विशाखा लातूरलाच राहिली, म्हणाली अहवाल लिहायचाय. मी आणि नरसिंगनं हेड उघडलं.

पिस्टनच्या माथ्यावर मधोमध भोक. कडा वितळून खाली ओघळलेल्या. भेसळीनं असं होत न्हाई. नरसिंगनं पिस्टन हातात घेतला, भोकातून बोट घातलं आणि बोट माझ्यापुढं धरलं. बोलला काहीच न्हाई. म्हटलं, बोल की लेका, तोंड शिवलंय का? तो हात पुसून चहा प्यायला गेला.

त्याचा लई राग आला. मग त्याची खुर्ची आत नेऊन ठेवली, उन्हात होती.

२७ मे, सोमवार

लॅबची जागा गेली. औरंगाबादकडचा कुणी मुलगा घेतला. विशाखाला प्रोजेक्टमध्ये मार्क बरे दिले, कारण बरोबर सांगितलं म्हणून. पास होईल. पण खुर्ची गेली.

आईला फोनवर सांगत होती, "जाऊ दे आई, पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी तिथं नवी पोरं येतात, हे तिलाही ठाऊक हाय. पंचशीला पदरानं डोळे पुसून मला म्हणाली, "पोरगी तर एवढी काळजीवाली. तिनं तपासलं कसं न्हाई?"

मी ताटावरून उठलो.

तिची वही इथंच राहिली होती, ती चाळली. एका पानावर तक्ता काढलाय. अर्धा बार, त्याच्यापुढं बरोबरची खूण. पाऊण बार, त्याच्यापुढं फुली. फुलीच्या पुढं तिच्या बारक्या अक्षरात – 'पिस्टन वितळणार'. तारीख मार्चची. मार्चमध्ये लिहून ठेवलंय पोरीनं! मी डिझेलवाला. हवा म्हणजे थंडावा म्हणत तीस वर्षं मिरवलो. तो टणटण आवाज ऐकून खूश झालो, कारण माझ्या प्रत्येक इंजिनातून तोच आवाज येतो. तिथं मरण ओरडत होतं आणि हा गाढव जाळीबाहेर छाती काढून उभा.

राग कुणावर काढू? सरांवर निघेना आता. सरांनी एकच सांगितलं होतं, बाहेरच्या माणसाचा हात लागू देऊ नका.

२९ मे, बुधवार

फोन केला. दोनदा कट केला, तिसऱ्यांदा बोललो. विशू, दांडी मी आवळली होती. तीन आटे. तू विहारात होतीस तेव्हा.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हाव पप्पा. ठाऊक हाय मला."

ठाऊक हाय! मग तिथं का बोलली न्हाई? का म्हणाली चूक माझी? ओरडायचं होतं ना माझ्यावर. मी तिच्यावर ओरडलो, की तू ओरडत का न्हाईस! ती म्हणाली, "जेवलात का?" मी फोन आपटला.

३० मे, गुरुवार

तिचं काही चुकलंच न्हाई, असंही न्हाई. दिवसभर हाच विचार करून राहिलो. मी आवळली, मान्य. पाप माझं. पण सुरू करायच्या आधी एकदा तपासायचं, एवढं तर मी तिला दुसरीत शिकवलं होतं. तीनदा तपासती म्हणाली होती. पंप लावायचा, काटा बघायचा, दोन मिनिटांचं काम. त्याच दिवशी नेमकं तपासलं न्हाई! तेवढं केलं असतं तर माझा गाढवपणा तिथंच पकडला गेला असता आणि पोरगी आज पुण्यात असती. ती आली की विचारणार हाय. एवढं विचारायचा हक्क हाय मला.

२ जून, रविवार

विशाखा आली. सरळ दुकानात आली, पिस्टन हातात घेऊन बघत बसली. मी विचारलंच. त्या दिवशी गाडी सुरू करायच्या आधी दांडीकडं बघितलं न्हाई का तू?

म्हणाली, "बघितलं की. पंप लावायला घेतला होता, पाना हातात होता. मग दिसलं, माझी जांभळी रेघ न्हाई, तिथं पिवळी हाय. म्हटलं, पप्पांनी तपासलंय. पाना ठेवून दिला."